मृगाआधी सनरूफ

मर्सिडीज गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकात हिवाळ्यावर वेगळं प्रकरण असतं. तापमान सात अंशांच्या खाली जायला लागलं की हिवाळी टायर चढवा, बर्फात चाकांना साखळ्या अशा लावा, वगैरे. ठाण्यात सात अंश फक्त फ्रिजमध्ये सापडतात. आमची गाडी चाकणला तयार झालेली, पण पुस्तक लिहिणारे तिकडचे. ठाण्यात वंदना सिनेमाजवळ जुलैत किती पाणी तुंबतं हे त्यांना कुठून कळणार? ते प्रकरण मी लिहितो.

मी ड्रायव्हर. राहायला सावरकरनगरला, नोकरी घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमधल्या कुटुंबाकडे. गाडी ई-क्लास, डिझेल, लांब व्हीलबेसची. ही लांब गाडी भारतात २०१७ला आली. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३०७९ मिलिमीटर, साध्या ई-क्लासपेक्षा १४ सेंटिमीटर जास्त. ते सगळे १४ सेंटिमीटर मागच्या सीटला मिळतात. माझ्या वाट्याला येतात ते सोसायटीच्या रॅम्पवर वळताना.

गाडी माझी नाही, हे खरं. पण तिचा आवाज कधी बदलला, ब्रेक सकाळी का खरखरतो, कुठल्या दाराचं रबर सैल झालंय, हे मालकाला विचारून कळणार नाही. साहेब मागे लॅपटॉप उघडून बसतात. त्यांना गाडी म्हणजे शांतता. ती शांतता टिकवणं माझं काम, आणि ठाण्यात ती टिकवायची तर पॉलिशचा डबा सगळ्यात शेवटी उघडायचा. आधी पाण्याचं बघायचं. महागड्या गाड्या इथे धुळीने मरत नाहीत, उन्हानेही क्वचित. आत मुरलेल्या पाण्याने आणि नुसतं उभं राहून मरतात.

माझे वडील माणगावकडे भातशेती करायचे. त्यांचं वर्ष नक्षत्रांवर चालायचं, आणि माझंही त्यातच अडकलंय. सर्व्हिसची तारीख गाडीच्या स्क्रीनवर येते, ती येऊ दे. पण रोहिणी नक्षत्र लागलं, म्हणजे २५ मे उलटला, की मी सनरूफ उघडतो. मृग ७-८ जूनला. मधले दिवस माझे. वडील याच दिवसांत शेतातून पाणी जायच्या वाटा मोकळ्या करायचे. मी तेच करतो, फक्त चिखल कमी आणि पगार ठरलेला.

ज्यांच्या गाडीला मोठं काचेचं छत आहे, त्यातल्या बहुतेकांना वाटतं की कडेचं रबर पाणी अडवतं. ते पूर्ण अडवत नाही, आणि त्याने पूर्ण अडवावं अशी बनवणाऱ्याची अपेक्षाही नसते. थोडं पाणी आत येतंच. ते कडेच्या पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली जातं. पुढच्या नळ्या काचेशेजारच्या खांबांतून उतरतात, मागच्या डिकीच्या अंगाने. नळी करंगळीहून बारीक. एप्रिल-मेमध्ये सोनमोहर आणि गुलमोहर झडतात, त्यात मेट्रोच्या कामाची धूळ मिसळते, पहिल्या सरीत त्याचा चिखल होतो आणि नळी बंद. मग पाणी छताच्या कापडाला ओल देत पायाखाली उतरतं. वरून गालिचा कोरडाच लागतो, कारण खालचा जाड फोम ते पाणी पिऊन बसलेला असतो. बऱ्याच जर्मन गाड्यांत वायरिंगचे जोड आणि कंट्रोल युनिट तिथेच असतात, गालिच्याखाली नाहीतर सीटखाली. आधी वास येतो. मग स्क्रीनवर असे इशारे येऊ लागतात ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आज एअरबॅग, उद्या पार्किंग सेन्सर. आमच्याच सोसायटीतल्या एका गाडीचं असं झालं. गॅरेजवाल्याने एकेक सेन्सर बदलत नेला. पाणी होतं तिथेच होतं.

तपासायला वेळ लागत नाही. पाण्याची छोटी बाटली घ्यायची, छत उघडून पन्हळीच्या एका कोपऱ्यात सावकाश ओतायची आणि वाकून गाडीखाली बघायचं. त्या बाजूला धार पडली पाहिजे. मग दुसरा कोपरा. धार न पडता थेंब थेंब आलं तर गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी आत घालायची, अलगद. लोखंडी तार नको. पंक्चरवाल्याची हवा तर मुळीच नको. हवेच्या जोराने नळी आतल्या आत सांध्यातून निसटते आणि मग आधी वाटीभर येणारं पाणी सगळंच्या सगळं आत येतं.

दुसरी जागा बोनेटच्या मागे, पुढच्या काचेच्या पायथ्याशी. तिथल्या जाळीत रेन ट्रीची बारीक पानं साठतात. एसीला लागणारी बाहेरची हवा तिथूनच आत जाते, त्यामुळे तिथे पाणी तुंबलं तर ब्लोअरपर्यंत पोचतं. बोनेट उघडून हाताने पानं काढायची. यात इंजिनिअरिंग काही नाही. तरी पार्किंगमध्ये एक चक्कर मारा आणि कितीजणांनी काढलीत ते बघा.

आणि वायपर. इथे थोडं विषयांतर करतो. मी चालवलेली पहिली मोठी गाडी म्हणजे वागळे इस्टेटमधल्या एका कारखानदाराची पांढरी ई २२०, डब्ल्यू १२४. मर्सिडीजने १९९५मध्ये पुण्यात टेल्कोबरोबर गाड्या काढायला सुरुवात केली ती याच मॉडेलने. जर्मनीत तेव्हा ते निरोप घेत होतं. माझ्या हाती आली तेव्हा गाडी चांगलीच जुनी होती. तिला वायपर एकच. लोक हसायचे, एवढ्या पैशात एकच वायपर? पण तो नुसता अर्धगोल फिरायचा नाही. कोपऱ्याकडे जाताना लांब व्हायचा, मध्यावर आखडायचा, पुन्हा दुसऱ्या कोपऱ्याला लांब. काचेचा ८६ टक्के भाग पुसून काढायचा. आत दातेरी चक्रांची रचना होती म्हणून हे जमायचं, आणि त्या चक्रांना वेळच्या वेळी ग्रीस लागायचं. मालकांना शेठ म्हटलेलं आवडत नसे, दादा म्हणायचं. दादा दर मे महिन्यात माझ्याकडून ते झाकण काढवून ग्रीस भरून घ्यायचे आणि स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसायचे. मुसळधार पावसात तीन हात नाक्याला गाडी अडकली की मागून म्हणायचे, “वायपर बघ.” रस्ता बघ नाही, वायपर बघ! आताच्या गाडीत पाऊस ओळखणारा सेन्सर आहे. वायपर आपले आपण चालू होतात, वेग आपला आपण ठरवतात, उत्तम काम करतात. त्यांच्याकडे बघत बसावंसं मात्र कधी वाटलं नाही.

पाऊस लागला की माझे नियम थोडे आणि कडक. साचलेल्या पाण्यात गाडी घालायची की नाही, हे मी फूटपाथवर ठरवतो. फूटपाथची कड दिसेनाशी झाली की थांबायचं, मागच्यांना काय हॉर्न वाजवायचे ते वाजवू देत. पाणी उथळ वाटलं तरी समोरून बस आली की लाट उठते, आणि इंजिनची हवा ओढायची तोंडं पुढच्या जाळीमागेच असतात. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेल्या गाडीचं स्टार्टचं बटण पुन्हा दाबायचं नाही. बंद पडलेली गाडी बऱ्याचदा वाचते, पुन्हा सुरू करायला गेलेली वाचत नाही. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, इंजिनसाठी वेगळं कव्हर जोडून घ्यावं लागतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर कितीतरी दिवस गॅरेजांच्या दारात गाड्यांच्या सीटा काढून वाळत घातलेल्या होत्या. लेदरच्या, मखमली, सगळ्या एकाच रांगेत.

काचेवरच्या वाफेचं नवीन ड्रायव्हरांना कळत नाही, म्हणून सांगतो. आतून वाफ धरली तर एसी चालू ठेवून हवा काचेवर घ्यायची. पण आपल्याकडे पुष्कळदा काच बाहेरून धूसर होते. आत एसीने काच थंडगार झालेली आणि बाहेर दमट हवा. अशा वेळी आतून फडकं मारत बसलं तर जन्मात जाणार नाही. वायपर एकदा फिरवायचा आणि एसीचं तापमान दोन-तीन अंशांनी वाढवायचं.

ओली छत्री गाडीत आली की ती डिकीतल्या ट्रेमध्ये जाते, साहेबांची असो नाहीतर पाहुण्यांची. मॅटखाली जुने पेपर घालतो आणि रोज संध्याकाळी बदलतो. मुक्कामाला पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसीचा कॉम्प्रेसर बंद करून नुसता पंखा चालू ठेवतो, म्हणजे आतली ओल सुकते आणि तो कुबट वास धरत नाही. लेदरवर पांढरी बुरशी दिसली तर सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं कापड फिरवायचं, लगेच कोरड्याने पुसायचं, झालं. लेदरला तेल पाजा म्हणून सांगणारे खूप भेटतात. हल्लीच्या बहुतेक गाड्यांच्या लेदरवर रंगाचा आणि प्लॅस्टिकसारखा पातळ थर असतो. तेल आत जातच नाही, वर चिकटून धूळ गोळा करतं.

श्रावणात साहेबांचं कुटुंब कधी कधी परदेशी जातं. तेव्हा गाडीला खरा धोका. ओल, उंदीर आणि उतरत जाणारी बॅटरी, तिघे एकदम. पार्किंगमध्ये रोज पाच मिनिटं इंजिन चालू करून ठेवणारे ड्रायव्हर मला माहीत आहेत. त्याने काही साधत नाही. इंजिन नीट तापत नाही, बॅटरीत काही भरत नाही, ब्रेकच्या डिस्कवरचा गंज तसाच राहतो. मी दोन-तीन दिवसांआड गायमुखपर्यंत नेऊन आणतो. परतताना आत शिरायच्या आधी मोकळ्या रस्त्यावर दोन-तीनदा ब्रेक हलका दाबून डिस्क कोरड्या करतो. उंदरांसाठी तंबाखू, डांबरगोळ्या, सगळ्यांचं सगळं करून झालंय. बिस्किटाचा चुरा आत राहू न देणं आणि गाडी हलती ठेवणं, एवढंच मला लागू पडलंय. आणि उघड्यावरच्या गाडीला पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका हो. आतली ओल आतच शिजते, आणि वाऱ्याने कव्हर घासून रंगाची वाट लागते ती वेगळी.

ब्रेक ऑइलचंही पावसाशी नातं आहे. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते. सपाट रस्त्यावर फरक कळणार नाही. कसारा घाट उतरताना पॅडल मऊ लागलं की कळतो. दोन वर्षांनी बदलायचं म्हणतात ते उगाच नाही. मी ते हस्तानंतर बदलायला सांगतो, दमट दिवस उलटल्यावर.

हस्त नक्षत्र सप्टेंबरअखेरीला लागतं. दुपारनंतर गडगडाट आणि एक मोठी सर, की दसरा आलाच. खंडेनवमीला मी जॅक, पाना आणि स्टेपनी बाहेर काढतो. एरवी डिकीतली अर्धी जागा खाऊन बसलेल्या त्या स्टेपनीला वर्षातून तेवढाच मान. त्याच दिवशी तिची हवाही बघतो. गाडीची पूजा मात्र साहेबांच्या घरच्या आजींच्या हातची. आजींना बोनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायचं असतं, आणि पांढऱ्या रंगावर कुंकू डाग सोडतं.

“आजी, काचेवर काढा ना.”

“काचेवर? तिथे तुझा तो वायपर फिरणार की. देवाला पुसून टाकतोस का रे?”

मला उत्तर सुचेना. शेवटी नंबरप्लेटवर तडजोड झाली. झेंडूचा हार पुढच्या जाळीला सैल बांधायचा, ताऱ्याला अडकवायचा नाही, आणि संध्याकाळी काढायचा. रात्रभर ओल्या पाकळ्या रंगाला चिकटून राहिल्या तर पिवळी छाप उठते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या पांढऱ्या गाड्यांकडे बघा.

पाऊस गेला की धूळ. कासारवडवलीपर्यंतच्या मेट्रोच्या खांबांनी घोडबंदर रोडला कितीतरी हिवाळे सिमेंट पुरवलंय. ही साधी माती नव्हे. दवात भिजली की रंगावर घट्ट बसते. आणि सकाळी सोसायटीचा पुसणारा येतो, एक बादली, एक फडकं, चाळीस गाड्या. रंगाच्या वरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा पातळ. त्यावरून रोज सिमेंट घासायचं! उन्हात बोनेटवर गोल गोल कोळिष्टकं दिसतात ती हीच. मग मालक पॉलिश करून घेतात, पॉलिश म्हणजे तोच पातळ थर आणखी घासणं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा कोळिष्टकं. मी त्या पोराला दोष देत नाही. आठच्या आत त्याला सगळ्या गाड्या उरकायच्या असतात, आणि महिन्याला मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी त्याला सांगून ठेवलंय, आमच्या गाडीला हात लावू नकोस, फक्त चाकं धू. पैसे पूर्ण मिळतील. पैसे कापू नका असं मॅडमना आधीच सांगितलं होतं, त्या हो म्हणाल्या. रंग मी धुतो, आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहू देऊन, मग दोन बादल्या, एक साबणाची, एक हातमोजा खळबळायची. रविवारी सकाळी तेवढा एक तास माझा.

हिवाळा मला गाडीसाठी आवडतो. डिझेल गाडीला गावातल्या गावात चालवत राहिलं तर धुरातली काजळी अडवणारा फिल्टर चोंदतो. ती जाळायला लांबचा, एका वेगातला रस्ता लागतो. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण झाला, तेव्हापासून आमचा प्रश्नच मिटला. साहेबांना नाशिकला काम निघालं की मी खूश. पहाटे निघायचं, टायरची हवा थंड असतानाच तपासून. गाडीला १२०ची मर्यादा, त्याच्या आत काटा स्थिर ठेवायचा. इगतपुरी-कसाऱ्याच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यात शिरलं की काचा बंद असूनही इतर गाड्यांचा घोंगावता आवाज येतो, आपलं इंजिन मात्र ऐकू येत नाही. दोन लिटरचं इंजिन, ४०० न्यूटन मीटरचा जोर, आणि चढावर श्वास लागल्याची खूण नाही. साहेब अशा वेळी लॅपटॉप मिटून बाहेर बघतात. काही बोलत नाहीत. मीही बोलत नाही.

उन्हाळ्याचं फार नाही. बॅटरीचं आयुष्य उन्हाळाच कमी करतो, पण मरते ती पावसात, म्हणून तिची तपासणी एप्रिलमध्येच. टायरवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी वय बघायचं. उन्हाळ्यात हवा कमी ठेवा असं सांगणाऱ्याचं ऐकायचं नाही, कमी हवेचा टायर जास्त तापतो. डॅशबोर्डला तो चकचकीत स्प्रे मारायचा नाही, दुपारी काचेत त्याचंच प्रतिबिंब दिसतं. आणि आजींच्या खोबरेल तेलासाठी मागच्या डोकं टेकायच्या उशीला पांढरा टॉवेल, बारा महिने.

मध्यंतरी साहेब म्हणाले, “इलेक्ट्रिक घेऊ या का? तुम्ही पण चला बघायला.” गेलो. मर्सिडीजचीच ईक्यूएस. तीही चाकणलाच जोडतात, २०२२पासून. एका चार्जमध्ये ८५७ किलोमीटर, हा एआरएआयचा, म्हणजे गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा आकडा. विक्रेता पोरगा चांगला होता, साहेबांना या टोकापासून त्या टोकापर्यंतची स्क्रीन दाखवत होता. मी त्याला बोनेट उघडायला सांगितलं.

तो म्हणाला, “हे बोनेट मालकाने उघडायचंच नसतं, सर. फक्त वर्कशॉपमध्ये उघडतं. काच धुवायचं पाणी भरायला मडगार्डवर वेगळं झाकण दिलंय.”

“आणि काचेखाली पानं अडकली तर?”

तो हसला, साहेब माझ्याकडे बघायला लागले. परत येताना कापूरबावडीच्या सिग्नलला म्हणाले, “दोन वर्षं अजून हीच चालवू. काय म्हणता?”

मी म्हटलं, “चालेल. मग पुढचे दोन टायर आता बदलू या, साहेब.”